तुमची पुस्तकं आमच्या फोनला सापडत नाहीत : मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

मराठी प्रकाशक, ग्रंथवितरक आणि पदरमोड करून स्वतःची पुस्तकं छापणारे लेखक-कवी यांस,

स. न. वि. वि.

"मराठवाड्यात पुस्तक जात नाही." हे वाक्य तुमच्या व्यवसायात इतकं रुळलं आहे की ते म्हणताना आता कुणाचा आवाजही बदलत नाही. ग्रंथप्रदर्शनाच्या स्टॉलवर ऐकलं, फोनवर ऑर्डर देताना ऐकलं, संमेलनाच्या मांडवातही ऐकलं. जानेवारी 2020 मध्ये धाराशिवला संमेलन झालं, तेव्हा ते उस्मानाबाद होतं. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला झालं, ऐन उन्हाळ्यात. घामाघूम होऊन पुस्तकांच्या पिशव्या एसटीच्या खिडकीतून आत टाकणारी माणसं तिथं आम्ही पाहिली. त्यांतल्या काही पिशव्या आमच्याच होत्या. वाक्य मात्र आहे तिथंच आहे.

त्या वाक्याशी आज भांडायचं नाही. गाऱ्हाणं जरा वेगळं आहे आणि सुटण्यासारखं आहे. कोण काय वाचतंय, कुणाला काय वाचायचंय, हे कळायला आता एक सोपं साधन आहे. जगभरातली माणसं आपलं वाचन फोनमधल्या ॲपवर नोंदवतात. आमच्यासारखी तालुक्याच्या गावातली माणसंही नोंदवतात. पण त्या नोंदीत मराठी पुस्तक बसवायला गेलं की दमछाक होते, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा ॲपमध्ये नसून तुमच्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर आणि आतल्या श्रेयपानावर असतं.

आधी आम्ही कोण ते सांगते. अंबाजोगाईत महिन्यातून एका रविवारी जमणारी ही दहाबारा माणसं. गटाला नाव नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. एक कृषी सहायक आहेत, एक एसटीचे वाहक, एक परिचारिका, औषधाचं दुकान चालवणारे एक काका, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी दोन पोरं आणि आम्ही काही शिक्षिका. पूर्वी कुणी काय वाचलं ते वहीत लिहायचो. वही एकाच्या घरी आणि बैठक दुसऱ्याच्या, असं व्हायला लागल्यावर पोरांनी सगळ्यांच्या फोनवर वाचननोंदीचं ॲप टाकून दिलं.

ॲप कामाचं आहे, यात वाद नाही. वाचलेलं, वाचत असलेलं आणि वाचायचंय असलेलं, असे तीन कप्पे. कितव्या पानावर आहोत ते लिहायचं, आवडलेल्या जागेबद्दल दोन ओळी टिपायच्या. आमच्या ॲपमध्ये पुस्तक कुणाला दिलं हेही लिहिता येतं, आणि ही सोय इकडे फार मोलाची आहे. दिलेलं पुस्तक परत मागणं आपल्याकडं शिष्टाचारात बसत नाही. फोनच आठवण करून देतोय म्हटल्यावर मागणाऱ्याचाही मान राहतो आणि नेणाऱ्याचाही. वाहकदादांची ड्युटी मुक्कामी गाडीवर असली की ते रात्री गावात वाचत बसतात. रेंज नसते, म्हणून पान क्रमांक तिकिटाच्या रोलच्या मागं लिहितात आणि डेपोत आल्यावर ॲपमध्ये भरतात. त्यांनीच एकदा बैठकीत मोबाईल पुढं करून विचारलं, "मॅडम, ह्यो म्हणतोय असलं पुस्तकच नाही. मंग इतक्या राती मी काय वाचलो?"

त्यांना उत्तर द्यायचं म्हणून आम्ही या भानगडीत शिरलो. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला कळवावं, म्हणून हे पत्र.

ॲपमध्ये पुस्तक घालायला तीन वाटा असतात. मागच्या कव्हरवरच्या बारकोडवर कॅमेरा धरायचा. तो लागला नाही तर नाव टाइप करून शोधायचं. तेही फसलं तर कोरा फॉर्म उघडून एकेक रकाना हातानं भरायचा. इंग्रजी पुस्तकाचं काम बहुधा पहिल्याच वाटेवर होऊन जातं. मराठी पुस्तक घेऊन आम्ही बहुतेक वेळा तिसऱ्या वाटेनं चालत असतो.

एका पुस्तकाचं जरा सविस्तर सांगते. कादंबरी चांगली, छपाई देखणी, प्रकाशन नावाजलेलं. कोणतं ते लिहीत नाही, कारण हे कुणा एकाचं दुखणं नाही. मागच्या कव्हरवर बारकोड होता, पण त्याच्या बरोब्बर वर वाढीव किमतीचं स्टिकर. नखानं हळूहळू सोलायला घेतलं, तर स्टिकरबरोबर कव्हरचं लॅमिनेशन आलं आणि लॅमिनेशनबरोबर निम्म्या काळ्या रेघाही आल्या. मग खालचा आकडा टाइप केला. ॲप म्हणालं, क्रमांक चुकीचा आहे. आत श्रेयपानावर पाहिलं तर तिथला क्रमांक कव्हरवरच्यापेक्षा वेगळा. तो टाकला तर एका पाककृतीच्या पुस्तकाचं कव्हर समोर आलं. शेवटी फॉर्म उघडला. प्रकाशनवर्ष विचारलं. श्रेयपानावर छापलं होतं, "चौथी आवृत्ती". चौथी कधीची, पहिली कधीची, काही नाही. पानं किती ते कळायला शेवटचं पान उघडलं, तर त्यावर आकडा नव्हता, त्याच्या मागच्यावरही नव्हता. कव्हरचा फोटो ट्यूबलाइटच्या उजेडात काढला, त्यात मध्यभागी चकाकीचा पट्टा आला. आज त्या कादंबरीच्या नावानं आमच्या ॲपमध्ये तोच पट्टेवाला फोटो दिसतो. लेखकानं तो पाहू नये, एवढीच इच्छा.

यातलं आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळखक्रमांकाचं, प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. क्रमांक चुकीचा आहे हे ॲपला कुणी सांगितलं? क्रमांकानंच सांगितलं. तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा हिशेबाचा असतो. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीनं 1 आणि 3 नं गुणायचं, बेरीज घ्यायची, आणि ती दहाच्या पटीत जायला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. मधला एखादा आकडा छापताना चुकला की हिशेब जुळत नाही आणि यंत्र तिथंच थांबतं. सातवीच्या वर्गात गुणाकाराचा सराव म्हणून मी शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं पोरांना वाटली आणि हा हिशेब करायला लावला. पोरांना मजा आली. चुकलेली पुस्तकं सापडली की टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्या बऱ्याच वेळा पडल्या.

काही चुकांचं कारणही पोरांनीच शोधलं. 2006 संपेपर्यंत आयएसबीएन दहा आकडी होता. 1 जानेवारी 2007 पासून तो तेरा आकडी झाला. जुन्या दहा आकड्यांतला शेवटचा आकडा वेगळ्या हिशेबानं, अकराच्या पटीवर, निघायचा. म्हणून जुना क्रमांक तसाच ठेवून पुढं नुसतं 978 चिकटवलं की शेवटचा आकडा बहुधा चुकतोच. तो नव्यानं काढावा लागतो. पुनर्मुद्रण करताना तुमच्या डीटीपीवाल्यानं हे एकदा समजून घेतलं तर काम झालं.

आणि क्रमांक घेतलाच नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी : भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो देते. तिचं काम केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतं. अर्ज ऑनलाइन करता येतो. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. कागदपत्रांची थोडी खटपट आहे, पण सातबारा काढलेल्या माणसाला ती जड जाऊ नये. क्रमांक मिळाला की त्याचा बारकोड करून मागच्या कव्हरवर पांढऱ्या चौकोनात छापायचा, आणि किमतीचं स्टिकर दुसरीकडं कुठंही लावायचं. साध्या पुनर्मुद्रणाचा क्रमांक तोच राहतो. बांधणी बदलली, मजकुरात मोठे बदल झाले, ईबुक काढलं, तर मात्र वेगळा घ्यायचा. एकच क्रमांक दोन पुस्तकांना लावायचा नाही, हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. पाककृतींचं कव्हर पाहिल्यावर सांगतेय.

आता दुसऱ्या वाटेकडं, म्हणजे नाव टाइप करून शोधण्याकडं. इथं अडचण बारीक आहे आणि म्हणूनच वैताग आणणारी आहे.

तुमची बरीचशी पुस्तकं श्रीलिपीत किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. कागदावर अक्षर सुंदर उमटतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या फाइलमधून पुस्तकाचं नाव उचलून दुसरीकडं चिकटवलं की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा खच पडतो. फॉन्ट डोळ्याला मराठी दाखवत होता, आत मराठी नव्हतंच. म्हणून सूचीतली नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, पुन्हा टाइप करावी लागतात, आणि तिथंही एकवाक्यता नसते. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी उमटवता येतं. एक अखंड, दुसरं 'अ' काढून त्यावर चंद्र देऊन. आपल्याला दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला ती दोन निराळी अक्षरं वाटतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' मधल्या 'ऱ्य'चंही तेच. नावात असं अक्षर असलेलं पुस्तक एकानं एका पद्धतीनं नोंदवलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर साध्या शोधयंत्रात ते असूनही सापडत नाही. मग तो दुसरा पुन्हा नव्यानं नोंदवतो. एकाच पुस्तकाच्या तीन नोंदी, तिघांचे अभिप्राय तीन ठिकाणी.

लेखकांच्या नावांचं तर विचारूच नका. आपल्याकडं आद्याक्षरांची हौस दांडगी. आमच्याच भागातल्या पळसखेड्याच्या कवीचं उदाहरण घ्या. 'ना. धों. महानोर', मधली जागा न सोडता 'ना.धों.महानोर', आणि 'नामदेव धोंडो महानोर'. माणूस एक, यंत्राच्या लेखी लेखक तीन. त्यात रोमन लिपीतलं स्पेलिंग जो तो आपल्या मनानं करतो. 'ज्ञ' साठी कुणी डीएन लिहितो, कुणी जेएन, कुणी जीवाय. तुमच्या पुस्तकाचं आणि लेखकाचं रोमन स्पेलिंग तुम्हीच एकदा ठरवून श्रेयपानावर छापलंत तर हा गोंधळ जन्मालाच येणार नाही. लेखक हयात असेल तर त्याला विचारून ठरवा. स्वतःचं नाव कसं लिहायचं याबद्दल लेखकांची मतं ठाम असतात.

वर्षाबद्दल थोडं रागावून लिहिणार आहे. काही जुन्या पुस्तकांवर "प्रथमावृत्ती : गुढीपाडवा, शके 1921" असं असतं. ते चालतं. शकात 78 मिळवले की 1999, गुढीपाडवा म्हणजे मार्च, काम झालं. पण वर्षच नाही, नुसतं "विजयादशमी" छापलेलं पुस्तकही आमच्या हातात आलं आहे. दसरा दरवर्षी येतो हो. आपेगावच्या ज्ञानेश्वरांच्या ग्रंथात शेवटी शके 1212 हे वर्ष आहे, गोदाकाठचं ठिकाण आहे, लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. पैठणच्या एकनाथांनी त्याच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला, त्या कामाचंही वर्ष नोंदलेलं आहे, शके 1506. तेव्हा लेखनिकाचं नाव ग्रंथात राहिलं. आज अनुवादित पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अनुवादकाला जागा मिळत नाही आणि कधीकधी मूळ पुस्तकाचं नाव आतही सापडत नाही.

मूळ नावाचा मुद्दा तुमच्या फायद्याचा आहे, म्हणून तिथं जरा थांबते. गुडरीड्ससारख्या वाचननोंदीच्या ठिकाणी एका पुस्तकाची सगळ्या भाषांमधली भाषांतरं एकाच कृतीच्या आवृत्त्या म्हणून जोडली जातात. मराठी अनुवादाची नोंद मूळ नावासकट नीट असली, तर मूळ पुस्तक शोधणाऱ्या माणसाला ते मराठीतही आहे हे आपोआप दिसतं. जाहिरातीचा खर्च शून्य. मराठीत अनुवाद इतके निघतात. त्यांतला प्रत्येक असा जोडला गेला तर काय होईल, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

दिवाळी अंकांचं काय करायचं, हा आमच्या गटातला कायमचा वाद. 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासूनची ही परंपरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्यापैकी निम्मी माणसं दुसरं काही वाचतच नाहीत. दोनअडीचशे पानांचा अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत, राशिभविष्यासकट वाचून काढायचा आणि ॲपमध्ये त्याला जागाच नाही. कृषी सहायकांचं म्हणणं, अंक म्हणजे नियतकालिक, पुस्तकात धरायचा नाही. औषधवाले काका म्हणतात, मी जेवढं वाचलं त्यात चार कथासंग्रह झाले असते, कामून धरायचा नाही? आम्ही शेवटी अंकाचं नाव आणि वर्ष मिळून एक नोंद करतो, लेखकाच्या जागी संपादक लिहितो. संपादकांनी मुखपृष्ठावर वर्ष ठळक छापलं आणि पृष्ठसंख्या अनुक्रमणिकेखाली दिली, तर तेवढ्यानंही भागेल.

दुसरा वाद पारायणाचा. परिचारिकेच्या सासूबाई दरवर्षी गुरुचरित्राचा सप्ताह करतात. सुनेनं हौसेनं त्यांच्यासाठीही ॲप उघडलं. ॲपनं विचारलं, वाचून संपलं का? सासूबाई म्हणाल्या, "असलं काही विचारतेत का?" ती नोंद 'वाचत आहे' या कप्प्यात कायमची आहे आणि तिथंच बरी आहे. यात तुम्ही करण्यासारखं काही नाही. सांगितल्याशिवाय राहवलं नाही, इतकंच.

ॲपवर माझा स्वतःचा एक राग आहे, तोही इथंच काढून घेते. वर्षाच्या सुरुवातीला ते विचारतं, यंदा किती पुस्तकं वाचणार? आकडा टाकला की डिसेंबरात माणसं बारीक पुस्तकं हुडकायला लागतात. कवितासंग्रह एका बैठकीत उरकले जातात आणि जाडजूड आत्मचरित्र टेबलावर तसंच पडून राहतं. आमच्या गटात हा आकडा भरायचा नाही असं ठरलंय. पोरं गुपचूप भरतात, हे मला माहीत आहे. त्या दोघांतला एक मराठीच जास्त वाचतो. पण मराठीची नोंद करायला लागणारा वेळ आणि कटकट पाहून तो इंग्रजी तेवढी नोंदवतो. वर्ष संपताना ॲपनं त्याच्या वाचनाचं रंगीत चित्र बनवून दिलं, त्यात एकही मराठी कव्हर नव्हतं. ते चित्र त्यानं स्टेटसला ठेवलं. पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल? हा पोरगा इंग्रजीच वाचतो. आणि तुम्हाला वाटतं, मराठवाड्यात पुस्तक जात नाही.

या नोंदींचा तुम्हाला उपयोग काय, असं कुणी विचारेल. अशा ठिकाणी एखाद्या पुस्तकापुढं 'वाचायचंय' अशी खूण किती जणांनी केली, ते कुणालाही दिसू शकतं. 'आवृत्ती संपली' असं तुम्ही ज्या पुस्तकाबद्दल सांगता, त्याची वाट किती जण पाहतात हे कळायला आज तुमच्याकडं वितरकाचा अंदाज सोडून काय आहे? लातूरच्या दुकानात न मिळालेलं पुस्तक मागायला माणूस पुन्हा येत नाही. पण फोनमध्ये तो खूण करून ठेवतो. त्यासाठी आधी पुस्तकाची नोंद तिथं असायला हवी.

तुम्ही म्हणाल, एवढी माहिती भरायला माणसं कुठून आणायची? ती तुम्ही भरताच की! राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तक पाठवताना भरता. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या खरेदीसाठी भरता. तिथं विक्रीचा प्रश्न असतो, म्हणून एकही रकाना कोरा जात नाही. त्याशिवाय 1954 चा ग्रंथ प्रदान कायदा आहे. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई नि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. किती जण पाठवतात ते तुम्हीच जाणा. मुद्दा एवढाच की माहिती तुमच्याकडं तयार असते. सरकारी अर्जाला जे देता तेच वाचकाला दिसेल अशा जागी ठेवा.

आणि ती ठेवली नाही की काय होतं, ते कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात जाऊन पाहा. 1967 च्या कायद्याखाली मान्यता असलेली अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं गावोगाव आहेत. अनुदान हवं तर दाखलनोंद वही चोख लागते. पुस्तक आलं की ग्रंथपाल वहीत दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, बिलाचा तपशील सुवाच्य अक्षरात लिहितात. तुमचं तेच एक पुस्तक बीड जिल्ह्यात लिहिलं जातं, परभणीत लिहिलं जातं, नांदेडात लिहिलं जातं, प्रत्येक वेळी पहिल्यापासून, प्रत्येक वेळी थोड्या निराळ्या नावानं. आम्ही जुन्या पुस्तकांची माहिती या वह्यांमधूनच काढतो. बिचाऱ्या ग्रंथपालांनी पानं मोजून लिहिलेली असतात, ती तुम्ही छापलेली नसतात.

सगळ्यात जास्त काळजी मात्र लहान प्रकाशकांची आणि स्वखर्चानं छापणाऱ्यांची वाटते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशनाचं पुस्तक आज ना उद्या कुणीतरी नोंदवेल. परभणी, हिंगोली, जालना, किनवट इथं निघणाऱ्या पुस्तकांचं तसं नाही. पाचशे प्रती छापायच्या, प्रकाशन समारंभाला मंडप घालायचा, त्यातल्या बऱ्याच प्रती 'सप्रेम भेट' लिहून वाटायच्या, उरलेल्या घरी पोत्यात. दहा वर्षांनी ते पुस्तक कुणाला हवं असलं तर लेखकाच्या घरी जाऊन पोतं उघडावं लागतं. गावाचा इतिहास, रझाकारांच्या काळातल्या आठवणी, दुष्काळात छावणीवर राहिलेल्या माणसानं लिहिलेल्या कविता, बोलीतल्या म्हणी आणि जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह, अशी पुस्तकं याच वाटेनं निघतात. दुसरं कुणी ती काढणार नसतं. आयएसबीएन नाही, कुठल्या सूचीत नाही, नेटवर कव्हर नाही. आमच्या गटानं ठरवलंय की असं पुस्तक हाती पडलं की आधी त्याची नोंद करायची, मग वाचायचं.

नोंद कुठं करायची, हाही प्रश्न आहे. एकाच कंपनीच्या ॲपवर सगळं ओतू नये असं मला वाटतं. गुडरीड्स 2007 मध्ये सुरू झालं, 2013 मध्ये ॲमेझॉननं घेतलं. 2020 च्या डिसेंबरपासून त्यांनी आपली माहिती दुसऱ्या ॲपवाल्यांना नव्यानं उघडी करून देणं थांबवलं. कंपनी त्यांची, निर्णय त्यांचा. आपण आपली सोय पाहावी. इंटरनेट अर्काइव्हची ओपन लायब्ररी ही ऑनलाइन ग्रंथसूची खुली आहे. खातं उघडून कुणीही पुस्तक घालू शकतो, चूक दुरुस्त करू शकतो, आणि तिथली सगळी माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. विकिपीडियाच्याच संस्थेच्या विकिडेटा या माहितीसाठ्याचंही तसंच. तिथं नीट नोंद झाली की पुढं जे कुणी नवं ॲप काढतील, अगदी मराठी पोरांनीही काढलं, तरी त्यांना ती उचलता येते. वाचकांनाही एक सुचवते. तुमचं ॲप कुठलंही असो, वर्षातून एकदा आपली यादी फाइल करून उतरवून ठेवा. बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते.

तर मागणं असं आहे. तुमच्या आजवरच्या पुस्तकांची यादी एका एक्सेल फाइलमध्ये करा आणि तुमच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवा. संकेतस्थळ नसेल तर मागेल त्याला पाठवा. नाव युनिकोड देवनागरीत, शेजारी रोमनमध्ये. लेखक, अनुवादक, संपादक वेगवेगळ्या रकान्यांत. अनुवाद असेल तर मूळ नाव आणि मूळ भाषा. पहिल्या आवृत्तीचं वर्ष आणि हातातल्या आवृत्तीचं वर्ष. पानं, बांधणी, तपासून घेतलेला आयएसबीएन. कव्हरची फाइल तुमच्याकडं छपाईसाठी असतेच, ती लहान करून सोबत जोडा. नव्या पुस्तकांपासून सुरुवात केलीत तरी हरकत नाही, जुनी मागाहून येऊ द्या.

पुढचं आम्ही करू. यादी आली की बैठकीच्या रविवारी फोन आणि शाळेतले दोन संगणक घेऊन आम्ही ती ओपन लायब्ररीत घालू. सातवीची पोरं आयएसबीएन तपासायला एका पायावर तयार आहेत. लातूरच्या आणि उदगीरच्या ओळखीच्या वाचकांनीही वाटा उचलायचं कबूल केलंय. याचे पैसे नकोत, पुस्तकाच्या मोफत प्रतीही नकोत. त्या विकतच घेऊ. फक्त ऑर्डर दिल्यावर "तिकडं पार्सल परवडत नाही" असं सांगू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अंबाजोगाईच्या वाचनगटाच्या वतीने
एक शिक्षिका

ता. क. : यादी छापून, तिचा मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तशा दोन याद्या आल्या आहेत आणि एकीत डाव्या बाजूचा रकाना अंगठ्याखाली गेलाय.